येऊ द्या, येऊ द्या… बस्स!

नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचा हंगाम भरात असला की कोणती गाडी पुढे चालली आहे आणि कोणती मागे येते आहे, हे डोळे मिटूनही सांगता येतं. मागे येणारी गाडी गाते. एखाद्या पिकअपला आरतीची चाल, दुसरीला ‘सारे जहाँ से अच्छा’, तिसरीला नुसती चिमणी. आणि एखादीत कुणी बाई हिंदीतून पुन्हा पुन्हा बजावत असते की गाडी मागे येते आहे, सांभाळा. अशा पाच-दहा गाड्या एकाच वेळी आडत्यांच्या गाळ्यांकडे पाठ करून रिव्हर्स घेऊ लागल्या की सगळ्या चाली एकमेकींत मिसळतात आणि कुणाची चाल कुणासाठी वाजते आहे, हे कळेनासं होतं. हमाल त्यातूनच क्रेट उचलून वाट काढतात. २०२३च्या जुलैत इथे वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा पल्ला ओलांडला होता. त्या दिवसांत फाळका खांबाला घासला तर कुणी मागे वळून बघत नव्हतं. भाव पडला की तोच ओरखडा महिनाभर सलतो.

या सुरावटीचा ड्रायव्हरला काडीचा उपयोग नाही. ती मागच्या माणसाला सांगते की बाजूला हो. मागे कुणी आहे की नाही, हे ड्रायव्हरला सांगणारं यंत्र वेगळं. पण दुकानात तिन्ही गोष्टी, म्हणजे वाजणारा रिव्हर्स हॉर्न, टीक-टीक करणारा सेन्सर आणि चित्र दाखवणारा कॅमेरा, एकाच काचेच्या कपाटात शेजारी शेजारी टांगलेल्या असतात आणि ‘रिव्हर्सचं काहीतरी बसवा’ एवढ्या एका वाक्यावर खरेदी होते. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग आळेफाट्याला एकमेकांना छेदतात. तिथल्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत गिऱ्हाइकाला विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा ‘बजेट किती?’ हाच असतो. माझ्या मते पहिला प्रश्न ‘गाडीच्या मागे काय असतं?’ हा असायला हवा. जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत गाडीच्या मागे जे असतं, ते पुण्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नसतं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे भिंत असते. सरळ, टणक, उभी भिंत. सेन्सर याच भिंतीसाठी जन्मला. १९८२ साली जपानमध्ये टोयोटाने आपल्या कोरोना गाडीला ‘बॅक सोनार’ म्हणून तो दिला, तेव्हा तिथल्या चिंचोळ्या जागांत बंपर वाचवणं हाच त्याचा उद्देश होता. आपल्याकडे १ जुलै २०१९पासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला मागचा सेन्सर सक्तीचा झाला. ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारी घंटी आणि वेग वाढला की वाजणारा इशारा, यांच्याच पंगतीत. कॅमेऱ्याची सक्ती मोटारींना नव्हती. वरच्या मॉडेलला तो मिळायचा, खालच्याला नाही. पुढे छोट्या मालवाहू गाड्याही कारखान्यातून सेन्सर घेऊन येऊ लागल्या. पण या दोन तालुक्यांचा माल वाहणाऱ्या बऱ्याचशा गाड्या त्या तारखेच्या आधीच्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातातल्या आहेत. जुना छोटा हत्ती, पाटे बदलून बदलून चालवलेली पिकअप, चारशेसात, आयशर. ट्रॅक्टर तर या नियमाच्या कक्षेतच येत नाही आणि त्याच्या मागची ट्रॉली त्याहून नाही. तेव्हा इथे जे काही बसतं ते बाजारातून विकत घेऊन, ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हातून, मालकाच्या खिशातून बसतं.

सेन्सर कसं काम करतो, हे एकदा समजून घेतलं की त्याच्याकडून काय मागायचं आणि काय नाही, हे आपोआप कळतं. बंपरवरच्या त्या बटणाएवढ्या चकत्या साधारण चाळीस किलोहर्ट्झचा आवाज सोडतात. माणसाचा कान वीस किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, त्यामुळे आपल्याला तो कळत नाही. तो मागच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि जायला-यायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. वस्तू एक मीटरवर असेल तर आवाजाला दोन मीटरचा फेरा पडतो, त्याला लागतात सेकंदाचे साधारण सहा हजारांश. वटवाघूळ अंधारात याच रीतीने उडतं. उन्हाळ्यात चाळीस अंशांना आवाज जरा वेगाने धावतो, थंडीत दहा अंशांना जरा मंद. फरक पाच टक्क्यांचा, म्हणजे मीटरमागे पाचेक सेंटीमीटरचा. चांगले सेन्सर तोही हिशेबात धरतात. स्वस्तातले धरत नाहीत, पण त्यावाचून कुणाचं अडत नाही.

अडतं ते दुसरीकडे. आवाज परत यायला समोर टणक आणि पुरेसा मोठा पृष्ठभाग लागतो. बारीक वस्तूवरून तो निसटतो, तिरक्या वस्तूवरून भलतीकडे जातो, मऊ वस्तूत मुरतो. आता नारायणगाव-मंचर पट्ट्यातल्या एखाद्या शेतवस्तीवर गाडी मागे घेऊन बघा. टोमॅटोच्या तार-काठीतली तार सेन्सरला दिसत नाही; सुटा बांबू दिसला तर दिसला. द्राक्षाच्या मांडवाला ताण देणारी तिरकी तार दिसत नाही. पाचटाचा ढीग, कडब्याची गंजी, वाळत घातलेली गोधडी, या सगळ्यांत आवाज जिरतो. उंच बांधाच्या पलीकडचा खड्डा दिसण्याचा तर प्रश्नच नाही, कारण खड्ड्यावरून आवाज परतत नाही. सेन्सर गप्प म्हणजे रस्ता मोकळा, असा ड्रायव्हरचा समज होतो आणि मागचं चाक चारीत उतरतं. चकतीच्या अगदी पुढ्यातलं, पंचवीस-तीस सेंटीमीटरच्या आतलं बऱ्याच सेन्सरना मोजताच येत नाही. बंपरच्या खाली बसलेलं कुत्रं किंवा मूल त्यांच्या नजरेच्या पट्ट्याखालीच राहतं.

शिवाय वेळेचा हिशेब आहे. गाडी ताशी पाच किलोमीटरने मागे येत असेल तर ती सेकंदाला एक मीटर चाळीस सेंटीमीटर चालते. हा वेग म्हणजे माणसाची चाल. सेन्सरने दीड मीटरवर टीक केलं, ड्रायव्हरच्या कानात ते शिरलं, मेंदूत पोचलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद सहज जातो. उरले दहा सेंटीमीटर. घाईत ताशी दहाने मागे आलात तर काहीच उरत नाही. भिंतीच्या बाबतीत याची किंमत एका दिव्याची असते. भिंत सोडून दुसरं काही असेल तर?

हा प्रश्न अमेरिकेने बराच उशिरा, आणि एका मुलाच्या मरणानंतर विचारला. २००२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये एक बालरोगतज्ज्ञ घराच्या आवारात आपली मोठी गाडी मागे घेत होते. आरसे बघून, मागे वळून, सावकाश. गाडीखाली सापडला तो त्यांचा स्वतःचा दोन वर्षांचा मुलगा. त्या मुलाच्या नावाचा कायदा २००८च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांच्या सहीने झाला. नियम ठरता ठरता २०१४ उजाडलं आणि १ मे २०१८पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. दरम्यान तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने मोजदाद केली. मागे येणाऱ्या गाडीखाली वर्षाला सुमारे २१० माणसं दगावत होती आणि सुमारे पंधरा हजार जखमी होत होती. दगावणाऱ्यांत ३१ टक्के मुलं पाच वर्षांखालची आणि २६ टक्के माणसं सत्तरीच्या पुढची. असे अपघात रस्त्यावर घडत नसल्याने तोवर ते रस्ते अपघातांच्या मोजणीत नीट येतच नव्हते; त्यासाठी वेगळी नोंदपद्धत उभारावी लागली.

हे आकडे वाचताना मला ओतूरपासून पारगावपर्यंतची अंगणं आठवली. घरात जी दोन माणसं दिवसभर अंगणात असतात ती हीच: पाच वर्षांच्या आतलं नातवंड आणि सत्तरीच्या पुढची आजी. ज्याला रस्ते अपघात म्हणतात तो रस्त्यावर होतो. अंगण, खळं, गोठ्यापुढची मोकळी जागा, वीटभट्टीचं आवार हे काही हमरस्ते नव्हेत. आणि गाडी मागे घेणारा बहुधा घरचाच असतो.

अमेरिकी खात्याने सेन्सर तपासले तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली: लहान मूल ओळखण्यात ते भरवशाचे नाहीत. मूल हलतं, त्याच्या अंगावर मऊ कपडे असतात, त्याची उंची कमी असते. म्हणून नियम कॅमेऱ्याचा झाला. गाडीमागची दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा पडद्यावर दिसलीच पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत दिसली पाहिजे. चाचणीसाठी तिथे ठरावीक मापाचे उभे ठोकळे ठेवतात. उंची ऐंशी सेंटीमीटर, रुंदी तीस. दीड-दोन वर्षांच्या पोराएवढे. युरोपने पुढे २०२४च्या जुलैपासून आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथे नव्या मोटारीलाच नव्हे, तर ट्रक आणि बसलाही मागचं ओळखणारी यंत्रणा, कॅमेरा किंवा सेन्सर, लागते.

एवढ्यावरून सेन्सर टाकाऊ ठरवायचं कारण नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने पोलिसांत नोंदलेल्या रिव्हर्सच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा कॅमेऱ्याने ते १७ टक्क्यांनी कमी केले आणि सेन्सरने २८ टक्क्यांनी. म्हणजे सेन्सर सरस! याचं कारण साधं आहे. कॅमेरा पाहावा लागतो. सेन्सर न पाहता ऐकू येतो. ज्याचं लक्ष फोनवर आहे त्याला पडदा काय करणार? पण पोलिसांत नोंदले जाणारे बहुतेक अपघात गाडीने गाडीला ठोकल्याचे असतात, आणि सेन्सर त्यात हुशार आहे. दोन्हींच्या जोडीला गाडी आपोआप थांबवणारा ब्रेक दिला तर घट ७८ टक्क्यांवर गेली. तो ब्रेक आपल्या पिकअपला बाजारातून बसवता येत नाही. तेव्हा आपल्यापुरता हिशेब असा: भिंत, खांब, दुसरी गाडी यांच्यासाठी सेन्सर; माणूस, जनावर, तार, खड्डा यांच्यासाठी कॅमेरा. पैसे एकाचेच असतील तर शहरातल्या मोटारीला सेन्सर आधी, आणि शेतवस्तीवर उभ्या राहणाऱ्या गाडीला कॅमेरा आधी.

बाजारात साधा चार चकत्यांचा सेन्सर संच हजार-दीड हजारांपासून मिळतो, कॅमेराही त्याच घरात, पडदा वेगळा. खर्च तिथे फारसा नाही. फसगत होते ती बसवण्यात.

पिकअपचं शरीर मोटारीसारखं नसतं. मागे हौदा, हौद्याला फाळका. दुकानदार कॅमेरा फाळक्यावर, नंबरप्लेटच्या वर ठोकून देतो, कारण तिथे भोक पाडणं सोपं. क्रेट भरायला फाळका खाली सोडला की कॅमेरा उलटा होऊन जमिनीकडे बघू लागतो, आणि नेमकं त्याच वेळी गाडी गाळ्याला लावायची असते. खालच्या आडव्या पट्टीवर, चॅसिसला बसवला तर फाळक्याचा त्रास नाही, पण चिखलाचा आहे. दोन ओल्या वाटा झाल्या की भिंग बंद. सगळ्यात बरी जागा हौद्याच्या वरच्या मागच्या कडेला, मधोमध, खाली तोंड करून. तिथून फाळक्याची कडही दिसते आणि मागची जमीनही, चिखल पोचत नाही. तिथला एकच शत्रू म्हणजे ताडपत्री. ती बांधताना दोरीचा फास किंवा ताडपत्रीचा लोंबता कोपरा भिंगावर येतो आणि पडद्यावर मागचं काहीच दिसत नाही. भिंगावर लोखंडी पट्टीची छोटी छपरी वाकवून घेतली की हा त्रास बराच कमी होतो.

सेन्सरचंही तसंच. त्याच्या चकत्या जमिनीपासून पन्नास ते सत्तर सेंटीमीटरवर हव्यात. दुकानात गाडी रिकामी असते, तेव्हा माप बरोबर भरतं. टोमॅटोचे क्रेट भरले की मागचे पाटे बसतात, मागची बाजू खाली झुकते, चकत्या जमिनीकडे बघू लागतात आणि जमिनीलाच अडथळा समजून बोंबलू लागतात. मग ड्रायव्हर पहिल्याच आठवड्यात वायर ओढून काढतो आणि दुकानदाराला शिव्या देतो. म्हणून चकत्या बसवून झाल्यावर गाडी भरून आणून तपासायची, आणि गरज पडली तर त्यांचा कोन किंचित वर उचलून घ्यायचा. लोखंडी बंपरात चकती थेट बसवली तर धातूचा कंप तिच्यात उतरतो. भोवती रबरी वळं हवंच. बंपरच्या आतून चिकटवायची पट्टी, जिला विद्युतचुंबकी सेन्सर म्हणतात, ती लोखंडी बंपरमागे कामच करत नाही. ती प्लास्टिकच्या बंपरसाठी असते. आडव्या बंपरला मागे हूक असेल तर तो सेन्सरच्या पुढ्यात येतो आणि सेन्सर कायमचा ‘बस्स, बस्स’ करत राहतो.

कॅमेऱ्याच्या डब्यावर १७० अंश लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक तोच आकडा बघून भुलतं. जितका कोन रुंद, तितकं चित्र कडेला वाकडं आणि वस्तू आहे त्याहून लांब भासते. पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषांचं माप बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत कारखान्यातूनच ठरून येतं. त्या तुमच्या पिकअपच्या उंचीसाठी आखलेल्या नसतात. त्यामुळे बसवल्यावर अर्धा तास स्वतः काढावा. गाडीच्या मागे चुन्याने एक, दोन आणि तीन मीटरवर रेघा माराव्यात आणि पडद्यावर त्या कुठे येतात ते डोक्यात ठेवावं. मग टोमॅटोचे रिकामे क्रेट घ्यावेत. एक क्रेट उभा साधारण तीस सेंटीमीटर. तीन एकावर एक रचले की जवळजवळ अमेरिकी ठोकळ्याची उंची होते. तो मनोरा मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, मधोमध आणि बंपरला अगदी लागून ठेवून बघावा. पडद्यावर तो कुठे हरवला ती तुमच्या गाडीची आंधळी जागा. डावं-उजवं उलटं तर दिसत नाही ना, हेही तेव्हाच बघून घ्यावं. चित्र आरशासारखं हवं, पण काही कॅमेरे सरळ चित्र दाखवतात आणि मग डाव्या बाजूला उभा असलेला माणूस पडद्यावर उजवीकडे येतो. कॅमेऱ्यात ते बदलायची छोटी वायर असते, ती बहुधा कुणी कापलेली नसते.

बैलगाडा शर्यतीवाल्यांना या सगळ्याची वेगळीच गरज आहे. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतीला परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला. बैल शर्यतीच्या घाटापर्यंत पिकअपने जातो. तो चढवायला गाडी एखाद्या बांधाला किंवा उंचवट्याला अशी टेकवावी लागते, की हौद्याचा तळ आणि माती यांच्यात फट राहू नये. चार बोटं फट राहिली की बैलाचा पाय अडकायची भीती. इथे सेन्सर निरुपयोगी, कारण त्या शेवटच्या वीतभर अंतरात तो एकसारखा वाजत राहतो, कमी-जास्त सांगत नाही. वर बसवलेला कॅमेरा मात्र फट दाखवतो. लाखमोलाच्या बैलासाठी कॅमेरा घेणारा माणूस मुलासाठी घेत नाही, असं म्हणायचा मोह होतो, पण तो अन्याय होईल. बैलासाठी बसवलेला कॅमेरा अंगणातही चालतोच.

आणि मग रात्र. या पट्ट्यात कॅमेऱ्याचा खप वाढायचं एक कारण पुण्यातल्या दुकानदाराला सुचणारही नाही. धरणांच्या पाण्याने इथे ऊस आला आणि उसात बिबट्या आला, तो राहिला. माद्या उसातच पिलं घालतात. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात बिबट्याचे हल्ले फार वाढले होते. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभं राहिलं. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आणि चिडलेल्या लोकांनी मंचरला महामार्ग अडवला. अशा दिवसांत रात्री उसाच्या कडेला गाडी मागे घ्यायची असेल तर क्लीनरला खाली उतर म्हणायची कुणाची छाती होत नाही आणि म्हटलं तरी तो उतरत नाही.

या क्लीनरचं काम किती कसबाचं होतं, हे तो केबिनमध्ये बसून राहिला की कळतं. मालवाहू गाडी मागे घ्यायची म्हणजे क्लीनरने ड्रायव्हरच्या आरशात दिसेल अशा जागी, गाडीच्या अंगाला उभं राहायचं, थेट मागे कधीच नाही. तळहाताने हौद्यावर थापा मारत बोलायचं: ‘येऊ द्या, येऊ द्या… डावीकडं तोडा… अजून एक हात… येऊ द्या… बस्स!’ शेवटची थाप जोरात. पोरं असली तर हाकलायची, कुत्रं असलं तर दगड उचलल्याचं नाटक करायचं, मागून दुचाकी घुसवणाऱ्याला हात करायचा. नारायणगाव तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात तेव्हा सामानाचे ट्रक चिंचोळ्या जागेत मागे लावणारी पोरं हेच काम करत आली. कॅमेरा पोरांना हाकलत नाही आणि दुचाकीवाल्याला थांबवत नाही. पण क्लीनर केबिनमध्येच बसणार असेल, तर मागचा एकमेव डोळा कॅमेऱ्याचा उरतो, आणि तो डोळा अंधारात काय बघतो, हे दिवसा दुकानात कळत नाही.

कॅमेऱ्याभोवतीचे ते आठ-दहा बारीक दिवे फार तर दोन-तीन मीटर उजळतात. त्यामुळे कॅमेरा घेण्याआधी गाडीचा स्वतःचा रिव्हर्सचा दिवा लागतो का, ते बघावं. जुन्या पिकअपचा तो बहुधा फुटलेला किंवा चिखलाने आंधळा झालेला असतो. तो बदलला की साध्या कॅमेऱ्याचं चित्रही सुधारतं. दुकानदाराला रात्री गाडी घेऊन जाऊन चित्र दाखवायला सांगावं. तयार असेल तर तिथेच घ्यावं.

वायरलेस कॅमेऱ्याचा मोह होतो, कारण मागून पुढे वायर ओढायची कटकट नाही. तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. मोबाइलचे हॉटस्पॉट, ब्लूटूथ आणि शेजारच्या गाडीचा तसलाच कॅमेरा हे सगळे त्याच गर्दीत. खोडदच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांना, म्हणजे आपल्या जीएमआरटीला, त्याचा थेट उपद्रव नाही, कारण त्या रेडिओ दुर्बिणीचा पट्टा त्याच्या खाली, साधारण दीड गिगाहर्ट्झपर्यंत आहे. उपद्रव आपल्याला आहे. बाजाराच्या गर्दीत चित्र थिजतं, आणि थिजलेलं चित्र जिवंत चित्रासारखंच दिसतं. दोन सेकंदांपूर्वी मागे कुणी नव्हतं, एवढंच ते सांगत असतं. मालवाहू गाडीला वायरच ओढावी, तीही प्लास्टिकच्या नळीतून, कारण शेतवस्तीवर उभ्या गाडीच्या वायरा उंदीर कुरतडतात आणि हा दोष कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही. कंपनीची मूळ वायर कापून जोड देण्यापेक्षा जोडणीचा तयार कपलर घ्यावा. छोट्या गाडीला बारा व्होल्ट असतात, मोठ्या ट्रकला चोवीस. बारावाला कॅमेरा चोवीसवर लावला तर तो पहिल्याच रिव्हर्सला जळतो.

पावसाळ्याचं इथे दोन तऱ्हांनी बघावं लागतं. डिंभ्याच्या पुढे भीमाशंकरच्या वाटेवर श्रावणात धुकं इतकं उतरतं की कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसती पांढरी चादर. तिथे सेन्सर बरा, कारण आवाजाला धुकं आडवं येत नाही. मात्र चकतीवर पाण्याचे मोठे थेंब बसले की तोही उगाच ओरडतो. डब्यावर आयपी ६७ लिहिलं असेल तर उपकरण मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी आत पाणी जात नाही, एवढाच अर्थ. पण गाडी कुणी पाण्यात बुडवत नाही; ती वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुतात, आणि तो झोत सहन करण्याची हमी ६७ मध्ये येतेच असं नाही. त्यासाठी आयपी ६९के असं लिहिलेलं लागतं. आठवड्याला गाडी धुणाऱ्याने पाच-सातशे रुपये जास्त मोजून तेच घ्यावं. न घेतल्यास भिंगाच्या आत धुकं धरतं, ते मात्र भीमाशंकरच्या धुक्यासारखं विरत नाही.

राहिली ऊसवाहतूक. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावात पारगावचा भीमाशंकर हे दोन सहकारी कारखाने हंगामात पेटले की रस्त्यांवर ट्रॅक्टरांची रांग लागते. मागे एक नव्हे, दोन ट्रेलर. एक ट्रेलर मागे घेतानाच हात उलटे चालवावे लागतात: ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टीअरिंग उजवीकडे. दोन ट्रेलर तर चांगल्या ड्रायव्हरलाही मागे घेता येत नाहीत, दुमडतात. म्हणून फडात एक ट्रेलर सोडून दुसरा मागे लावतात. या सोड-बांधीत हूक आणि दांडी जुळवताना मध्ये उभा असलेला माणूस कुठल्याही सेन्सरला दिसत नाही, कारण सेन्सर बसवायला जागाच नाही. दांडीवर रोखलेला एक कॅमेरा ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला, ड्रायव्हरसमोर छोटा पडदा, एवढं केलं तरी मधल्या माणसाला मध्ये उभं राहावं लागत नाही. ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टांवर ते निवांत चालतं. ट्रेलरच्या मागे कॅमेरा लावणं मात्र हंगामात टिकत नाही. सोड-बांधीत कनेक्टर रोज ओढला जातो आणि लोंबती वायर चाकात जाते. ट्रेलरच्या मागच्या दिव्यांचं जे होतं तेच.

ऊसतोडीच्या टोळ्या येतात त्या बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून, बायकापोरांसह. त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात त्या रस्त्याजवळ, म्हणजे ट्रॅक्टर जिथे वळतात तिथेच. आई-बाप पहाटे फडावर, मोठं भावंड धाकट्याला राखतं, आणि दुपारी सावली असते ती उभ्या ट्रेलरखाली. इथे कुठलंही यंत्र विकत घ्यायचा सल्ला देणं मला पटत नाही. इथे लागते ती वळायला जागा. कोप्यांच्या बाजूने ट्रॅक्टर पुढून शिरून पुढूनच बाहेर पडेल, असा गोल रस्ता आधी आखला तर मागे घ्यायची वेळच येत नाही. मुकादमाने कोप्या टाकताना आणि शेतकऱ्याने जागा देताना हे ठरवायचं असतं, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. जेसीबीचं तासाभराचं भाडं लागलं तर लागलं.

हंगाम सुरू होण्याआधी ट्रेलरच्या मागे लाल-पांढऱ्या चमकत्या पट्ट्या चिकटवण्याचे कार्यक्रम राज्यभरच्या कारखान्यांवर होतात, त्यांचे फोटो छापून येतात. पट्टी मागून येणाऱ्याला ट्रेलर दाखवते, ती हवीच. त्याच दिवशी, त्याच रांगेत, ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये टाकून मागचा दिवा लागतो का आणि हॉर्न वाजतो का, एवढं बघितलं तर गाडीमागे दोन मिनिटंही जाणार नाहीत. ज्याचा वाजत नाही त्याचा ऊस गव्हाणीत घेऊ नये.